नीट तुटावं म्हणून

ऐरोलीच्या ऑफिसात डबा उघडत होते, तेव्हा फोनवर सुजाताचं नाव आलं. मी उचलल्या उचलल्या विचारलं, "बोल, आज काय तोडलंस?" आमच्या बोलण्याची सुरुवात कित्येक वर्षं अशीच व्हायची. पलीकडून तिच्या भावाचा आवाज आला. "वैशालीताई, मी संदीप. ताई गेली." मला वाटलं कंपनीच्या कामाला कुठे पुण्याला वगैरे गेली असेल... आणि तिचा फोन घरी राहिला असेल. हे मी त्याला विचारलंसुद्धा. तेव्हा तो रडायला लागला. सकाळी तळोज्याला कंपनीत कॉम्प्युटरसमोर बसल्या बसल्या तिचं डोकं प्रचंड दुखायला लागलं, शेजारच्याला तसं म्हणाली, आणि हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली असं डॉक्टरांनी सांगितलं. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती तिनं.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. तिच्या जाण्याबद्दल मला याहून जास्त लिहिता येत नाही, आणि खरं सांगायचं तर लिहायचंही नाही. कारण सुजाता जाधव हे नाव मनात आलं की पहिल्यांदा आठवतं ते तिचं धावत पायऱ्या चढून येणं, धाप लागलेली असतानाच बोलायला सुरुवात करणं आणि "अगं ऐक, ऐक, ऐक," असं तीनदा म्हटल्याशिवाय मुद्द्यावर न येणं.

आमची ओळख पॉलिटेक्निकमधली. तिचं गाव संगमेश्वराकडचं, वडील तळोज्याच्या एका कारखान्यात कामाला, घर खांदेश्वरला. लॅबमध्ये आम्ही बाकीच्या मुली काही बिघडायला नको म्हणून यंत्रांना जपून हात लावायचो. ही पहिल्याच आठवड्यात एक जुना रेडिओ उघडून बसली होती. सरांनी विचारलं, काय करतेस? म्हणाली, "सर, चालू आहे तो. म्हणूनच उघडला. बंद असता तर काय कळलं असतं?" सर हसले आणि पुढे गेले. मी तिच्याच टेबलावर जाऊन बसले ती कायमचीच.

पुढे मी सॉफ्टवेअरकडे वळले आणि ती तळोज्याला इलेक्ट्रॉनिक्सच्या एका छोट्या कंपनीत लागली. कुठलंही उपकरण उघडलं की आत एक हिरवी पाटी दिसते, बारीक बारीक भाग चिकटवलेली. ती पाटी, म्हणजे सर्किट बोर्ड, कॉम्प्युटरवर आखून द्यायचं तिचं काम. त्यातही तिचा खास जीव होता तो तोडायच्या बोर्डांवर. लहान बोर्ड एकेकटे बनवत नाहीत. पोस्टाच्या तिकिटांचा ताव असतो तसे ते एका मोठ्या पाटीवर शेजारी शेजारी बनतात, सगळे भाग चिकटवून होतात, आणि शेवटी तोडून सुटे करतात. दोन बोर्डांच्या मधे बारीक भोकांची रांग ठेवलेली असते. तोडल्यावर कड उंदरानं कुरतडल्यासारखी दिसते, म्हणून त्या भोकांना त्यांच्यात माऊस बाइट म्हणतात. हे नाव तिनं मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती इतकी खूश होती, जणू तो उंदीर तिनंच पाळला होता.

"सगळे जण वस्तू मजबूत कशी होईल ते बघतात," ती म्हणायची. "मला ती नेमकी कुठे कमजोर ठेवायची ते ठरवायचं असतं. फार कमजोर ठेवली तर मशीनवरच तुटते. फार घट्ट ठेवली तर तोडणारा पक्कड लावतो आणि टवके काढतो. हाताला कळलं पाहिजे की इथे, बास, इथेच." आणि मग समोर जे असेल ते ती तोडून दाखवायची. बिस्किट, थर्माकोल, एकदा तर माझी प्लास्टिकची पट्टी.

पण मला सांगायचं आहे ते माझ्या धाकट्या बहिणीबद्दल, नंदाबद्दल. कारण सुजाताच्या आयुष्यातलं सगळ्यात आनंदाचं काम तिच्यापासून सुरू झालं. नंदाला जन्मापासून ऐकू येत नाही. तिचा नवरा महेश, त्यालाही नाही. दोघं नवीन पनवेलला राहतात, महेश एका छापखान्यात आहे, नंदा घरी शिवणकाम करते. घरात बोलणं खुणांच्या भाषेत, आणि ते इतकं भरभर चालतं की मी मधे पडले तर त्यांचा वेग मंदावतो. नंदाला दिवस राहिले तेव्हा आम्ही सगळे आनंदात होतो. डोहाळजेवणाला बायका जमल्या. ओटी भरून झाली, आणि मग कोपऱ्यात कुजबुज सुरू झाली. बाळ रडलं तर हिला कळणार कसं? नंदाला ऐकू येत नसलं तरी चेहरे वाचता येतात. तिनं खुणा करून मला सांगितलं, मी बाळाच्या पायाला ओढणीचं एक टोक बांधणार आणि दुसरं माझ्या मनगटाला. मी ते सगळ्यांना बोलून दाखवलं.

सुजाता तिथेच होती. तिनं हातातलं ताट खाली ठेवलं. "बाजारात मशीन मिळतं ना गं असलं?"

मिळत होतं. नंदाच्या एका मैत्रिणीनं आणलं होतं. पाळण्याजवळ एक डबी, आईजवळ दुसरी. पण त्या डब्यांची एकमेकींशी ओळख करून द्यायला फोन लागायचा, पासवर्ड लागायचा, आणि वीज गेली की दोघी एकमेकींना विसरायच्या. मैत्रिणीनं कंटाळून ते माळ्यावर टाकलं होतं. मी हे सांगत असताना सुजाता ताटातल्या चिक्कीकडे बघत होती. तिनं ती उचलली, दोन्ही हातांत धरली. "अगं ऐक, ऐक, ऐक. वेगळ्या डब्या बनवायच्याच कशाला? एकच पाटी बनवू. एक तुकडा पाळण्याचा, एक दाराच्या बेलचा, एक नंदाच्या खिशातला. अख्खी असताना मधून तारा जातील, तेवढ्यात ते एकमेकांना ओळखून घेतील. आणि मग..." तिनं चिक्की कडकन मोडली. "मग तोडायची. पासवर्ड नाही, फोन नाही. एका पाटीचे तुकडे आहेत, ते कशाला विसरतील?"

नंदानं मला विचारलं, ही काय म्हणतेय? मी खुणांनी सांगायला लागले, पण सुजातानं मला थांबवलं, दुसरी चिक्की घेतली आणि नंदाला स्वतःच करून दाखवलं. पाळणा, दार, खिसा. कडकन. नंदा खो खो हसायला लागली.

त्यानंतरचे दिवस आठवले की अजूनही माझ्या अंगात हुशारी येते. बोर्ड ती आखणार, त्यातला प्रोग्रॅम मी लिहिणार असं ठरलं. कंपनीच्या साहेबांना तिनं विचारलं. दुसऱ्या कुणाच्या ऑर्डरच्या मोठ्या पाटीवर कडेला जागा वाया जात होती. साहेब म्हणाले, "फुकट जाणारी जागा आहे, टाका तुमचं." बस्स, तिला तेवढंच हवं होतं. कंपनीच्या बसमधून येता-जाता तिचे फोन. मी गॅसवर कुकर ठेवून बोलते आहे, ती बसच्या आवाजावर ओरडते आहे, "वैशे, पाळण्याच्या तुकड्याला माइक कुठल्या बाजूला ठेवू? बाळ डावीकडे वळून झोपतं की उजवीकडे?" मी म्हटलं, सुजे, बाळाला अजून जन्माला तरी येऊ दे. संध्याकाळी खांदेश्वरला तिच्या घरी बसायचो. तिची आई, आम्ही त्यांना काकू म्हणतो, आमच्या मधे चहा आणून ठेवायच्या आणि विचारायच्या, "काय गो, झाला का तुमचा पाळणा?"

पहिल्या तीन पाट्या आल्या त्या आम्ही तशाच नंदाकडे घेऊन गेलो. प्रत्येक पाटी तळहातापेक्षा थोडी मोठी, हिरवीगार, भोकांच्या दोन रांगा, तीन तुकडे. अख्खी असताना सगळं चाललं. मी बाळासारखा आवाज काढला की खिशातल्या तुकड्यावरची छोटी मोटर थरथरायची, महेश बटण दाबायचा की दिवा लागायचा. सुजातानं एक पाटी नंदाच्या हातात दिली. नंदानं ती दोन्ही रांगांवर वाकवून मोडली. आणि पाळण्याचा तुकडा मेला. मी रडून दाखवलं, टाळ्या वाजवल्या, महेशनं स्टुलावर ताट आपटलं. काही नाही. दुसरी पाटी मोडली, तिचंही तेच. नंदाचा चेहरा पडला. आपल्यामुळेच बिघडलं असं तिला वाटलं, आणि तिनं तसं हातांनी सांगितलं.

सुजाता मात्र खुर्चीच्या टोकाला येऊन बसली. डोळे चमकत होते. "नाही, नाही. तिला सांग, परत मोड. हळू. मला तिचे हात बघायचेत." उरलेली पाटी नंदानं मोडली, सुजाता जवळजवळ तिच्या मांडीवर वाकून बघत होती. मग तुकडा भिंगाखाली धरला आणि मला हाक मारली. बाजरीच्या दाण्याएवढा एक भाग असतो, कॅपॅसिटर. त्याच्या अंगावर केसासारखी चीर गेली होती. "बघ, मी कंपनीत टेबलाच्या कडेला लावून झटक्यात तोडते. ही बिस्किटासारखी मोडते, पूर्ण वाकवून. पाटी वाकली, त्यावरचा हा आडवा बसलेला बिचारा वाकू शकत नाही, तो तडकला. चूक तिची नाही गं. मी माझ्या हातांसाठी बनवलं होतं. ते तिच्या हातांसाठी बनवायला हवं." ती इतक्या आनंदात होती की नंदानं मला विचारलं, बिघडलं ना? मग ही खूश कशाला झाली?

मग सगळं नव्यानं आखलं. नाजूक भाग भोकांच्या रांगेपासून लांब नेले. जे जवळ ठेवणं भागच होतं ते रांगेला समांतर फिरवले, म्हणजे पाटी वाकली तरी त्यांच्यावर ताण येऊ नये. रांगेच्या दोन्ही अंगांना लांबट खाचा दिल्या. भोकं थोडी आत घेतली, कारण तुटलेली कड बाळाच्या किंवा नंदाच्या बोटाला टोचायला नको. कंपनीतल्या लोकांना तिनं जेवणाच्या सुट्टीत रिकाम्या पाट्या वाटल्या होत्या, कशाही मोडा म्हणाली होती, आणि प्रत्येकाचे हात बघत उभी राहिली होती. माझ्याकडेही काम आलंच. तुकड्यांनी आपण सुटे झालो हे ओळखायचं, आणि त्या क्षणापासून तारेऐवजी हवेतून बोलायला लागायचं. पहिल्या प्रोग्रॅममध्ये ते कधी व्हायचं, कधी नाही; दर वेळी होईल असं मला जमत नव्हतं. जमलं तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून तिला फोन केला.

बाळ आमच्या आधी तयार झालं. नंदा हॉस्पिटलमधून मुलीला घेऊन घरी आली तेव्हा नवी पाटी अजून तळोज्यालाच होती. मी बहिणीकडे राहायला गेले. ओढणी बांधलेलीच होती. नंदाचा डोळा लागायचा नाही, हात सारखा बाळाच्या छातीवर. डोळ्यांखाली काळं आलं होतं. मग एका दुपारी सुजाता आली, कंपनीतून थेट, पायऱ्या धावत चढून, पर्समधून रुमालात गुंडाळलेली पाटी काढत. पाणीसुद्धा प्यायली नाही. नंदाच्या हातात दिली. नंदानं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. तिनं मोडली... तशीच, बिस्किटासारखी. एकदा, दुसऱ्यांदा. तीन तुकडे झाले. आम्ही एक पाळण्याला अडकवला, एक महेशनं दाराशी लावला, एक नंदानं गाउनच्या खिशात टाकला. आणि मग बाळ काही रडेना. आम्ही चौघं मोठी माणसं त्या बाळाकडे टक लावून बघत होतो, आणि ती शांत झोपली होती. सुजाता म्हणाली, "चिमटा काढू का?" मी तिला बाहेर ढकललं. नंदा कंटाळून स्वयंपाकघरात गेली, ओट्याशी उभी राहून भाजी चिरायला लागली.

तेवढ्यात आतून बारीक रडू आलं. मी आणि सुजाता दाराच्या चौकटीत उभ्या होतो. नंदाची पाठ आमच्याकडे होती. ती दचकली. सुरी खाली ठेवली, खिशावर हात ठेवला, क्षणभर तशीच थांबली. मग आमच्या मधून धावत आत गेली आणि बाळाला उचललं. महेश मागून येऊन नंदाच्या खिशावर आपला हात ठेवून बघत होता, कारण बाळ अजून रडत होतं आणि तो तुकडा अजून थरथरत होता. मुलीचं रडणं बापाला पहिल्यांदा कळलं ते असं, तळहाताला. सुजाता भिंतीला टेकून खाली बसली होती. हसत होती आणि नाक पुसत होती. बाळाला परत पाळण्यात ठेवून नंदानं तिच्या पायाची ओढणी सोडली आणि घडी करून कपाटात ठेवली.

पुढे ही बातमी पसरली. पनवेलच्या, ठाण्याच्या, मग आणखी लांबच्या, ऐकू न येणाऱ्या जोडप्यांनी विचारलं. सुजातानं लहान लहान लॉट काढले, प्रत्येक वेळी काहीतरी सुधारलं. शक्य असेल तिथे स्वतः जायची. मी विचारलं, कुरिअर कर की. म्हणाली, "मग तोडताना कसं बघणार?" अनोळखी आईबापांच्या हातात ती पाटी द्यायची, आणि ती मोडायला ते घाबरायचे, नवीकोरी वस्तू आहे म्हणून. ती मानेनं खूण करायची, तोडा, तोडा. आणि तुटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते बघून घरी परतताना बसमधून मला फोन. "वैशे, आज एका आजोबांनी तोडली गं. डोळे मिटून तोडली."

शेवटची भेट खांदेश्वर स्टेशनबाहेर झाली, चहाच्या टपरीवर. तिला घाई होती, मलाही. फोनवर नवं आरेखन दाखवत होती. काकूंना हल्ली कमी ऐकू येतं, दारावर कुणी बेल वाजवली तरी कळत नाही, मशीन कानात घालायला त्या तयार नाहीत. "दोनच तुकडे. एक दाराला, एक आईच्या उशाशी, मोठा पिवळा दिवा. आणि तोडायची जागा एवढी मऊ ठेवलीय की तिच्या संधिवाताच्या बोटांनासुद्धा जमेल. प्रोग्रॅम तू कर. पाटी टाकलीय बनायला." मी म्हटलं, करते. कप टाकून ती निघाली, मागे वळून ओरडली, "दिवा जोरात लाव गं, तिला मोतीबिंदू पण आहे."

ती गेल्यावर पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा, कार्यक्रम खांदेश्वरलाच झाला. बुद्धवंदना झाली, नातेवाईक बोलले, कंपनीचे साहेब बोलले. मग नंदा उठली. तिला बोलायचं होतं, मी शेजारी उभी राहून तिच्या खुणा शब्दांत सांगत होते. खुणांच्या भाषेत प्रत्येक माणसाला एक नाव मिळतं, ते अक्षरं जुळवून नाही, त्या माणसाचं जे काही नजरेत भरतं त्यावरून. सुजाताचं नाव महेशनं ठेवलं होतं, त्या दुपारनंतर. दोन्ही मुठी एकमेकींना लावायच्या आणि मोडल्यासारख्या बाजूला न्यायच्या. नंदानं बोलताना ते नाव पुन्हा पुन्हा घेतलं. तिची मुलगी ओवी आता चांगली मोठी आहे, तिला ऐकू येतं, दोन्ही भाषा येतात. तीसुद्धा खुर्चीत बसल्या बसल्या आईबरोबर ते नाव घेत होती.

त्यानंतर काही दिवसांनी सुजाताच्या कंपनीतले एक सहकारी तिनं टाकलेली पाटी घेऊन आले. मी प्रोग्रॅम लिहून ठेवलाच होता, तो त्यात भरला. संदीप, मी आणि काकू त्यांच्या हॉलमध्ये बसलो. नंदा आणि ओवीही आल्या होत्या. पाटी काकूंच्या हातात दिली. त्या ती उलटसुलट करून बघत राहिल्या. "एवढं चांगलं बनवलंय तिनं, मी कसं मोडू गो?" मी म्हटलं, काकू, मोडण्यासाठीच बनवलंय. त्यांनी बोटं लावली. फारसा जोर लागलाच नाही. संदीपनं एक तुकडा दाराला लावला, दुसरा काकूंच्या समोर ठेवला. ओवी धावत दाराबाहेर गेली आणि तिनं बेल वाजवली. काकूंच्या समोर पिवळा दिवा लखकन पेटला, आणि त्यांना तो पुन्हा बघायला मिळावा म्हणून ओवीनं परत परत बेल वाजवली, शेजारचे बाहेर येईपर्यंत.

मग काकूंनी मला विचारलं, "त्या दिवशी कार्यक्रमात ही नंदा हातानं काय करत होती? सारखी सारखी?" मी सांगितलं, तुमच्या मुलीचं नाव घेत होती. काकू नंदाकडे वळल्या. नंदानं त्यांच्या मुठी धरून एकमेकींना लावल्या आणि हळूच बाजूला केल्या. काकूंनी स्वतः करून पाहिलं. नंदानं मान हलवली, बरोबर.

हल्ली दोघी व्हिडिओ कॉल करतात. काकूंना खुणांची भाषा येत नाही, नंदाला काकूंचं बोलणं ऐकू येत नाही. संदीप फोन लावून देतो आणि कामाला लागतो. काकू स्क्रीनसमोर बसतात. जेवण झालं का ते हाताचा घास करून विचारतात, नंदा शिवलेलं परकर-पोलकं उंच धरून दाखवते. मग दोघी सुजाताचं नाव घेतात. आधी एक, मग दुसरी. दोघींच्यात पक्का असा तेवढा एकच शब्द आहे, आणि त्या शब्दावर त्यांचं बोलणं बराच वेळ चालतं.